गडगा कोणी घातला

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं, तेव्हा मी मालवणात एका वकिलांचा कारकून होतो. गावोगाव जाऊन साक्षीदारांना गाठायचं आणि कोणी काय पाहिलं ते विचारून आणायचं, हे माझं काम.

एक दिवस आचऱ्याची एक विधवा आली. तिची विहिरीकडे जाणारी पाणंद शेजारच्या जमीनदाराने दगडी गडगा घालून बंद केली होती. गडगा आजोबांच्या वेळचा, असं तो म्हणत होता. त्याचं नाव लिहिताना माझा हात थांबला. याच माणसाने पूर्वी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की माझ्या वडिलांना दुसऱ्याच्या होडीचा दोर कापताना आपण डोळ्यांनी पाहिलं. साफ खोटं. वडील सहा महिने तुरुंगात होते. सुटल्यावर त्यांना कोणी होडीवर घेतलं नाही.

आचऱ्याला मी त्याला बुडवायलाच गेलो. मासे विकणारी एक म्हातारी भेटली. त्या पाणंदीने ती वर्षानुवर्षं जायची. गडगा घालताना पाहिलंस का, विचारलं.

"बगूक नाय. आयकलंय," ती म्हणाली.

तिला 'पाहिलं' म्हणायला लावणं सोपं होतं. पण माझे वडील अशाच एका शब्दावर तुरुंगात गेले होते, आणि या माणसाला उलटतपासणीत निसटायला मला फट ठेवायची नव्हती. म्हणून मी गडगा घालणारा गवंडी शोधला. दोनदा त्याने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी न विचारता ओटीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तोच बोलला.

"गडगो मीच घातलंय. गेल्या शिमग्यानंतर. तेनाच सांगल्यान."

कोर्टात जमीनदाराने गडगा आजोबांच्या वेळचाच, असं शपथेवर सांगितलं. मग गवंडी उभा राहिला. न्यायाधीशांनी जमीनदाराला भर कोर्टात खोटारडा म्हटलं, आणि पाणंद मोकळी करायचा हुकूम झाला.

बाहेर जमीनदाराने मला गाठलं. "आपण कोणाचे?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो निघायला वळला, तेव्हा मी ते नाव पुन्हा, मोठ्याने घेतलं. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

घरी वडिलांनी एवढंच विचारलं, त्या बाईला वाट मिळाली का. मिळाली, म्हटलं. मग त्याचा चेहरा कसा झाला ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी दोनदा सांगितलं.