विश्रांतवाडीला आलेला सहीचा फोटो

मंडळी, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट होतोय.

जुन्या ब्रिटिश विज्ञानमालिकांचं माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. त्यातल्या एका नायकाला, आता बराच म्हातारा झालाय तो, मी सहा वर्षं पत्रं लिहितोय. एकालाही उत्तर नाही.

आज विश्रांतवाडीला मावसबहिणीकडे गेलो, तर भिंतीवर त्याचा सही केलेला फोटो! हिने मालिकेचा एकच भाग पाहिलाय, तोही मी बळजबरीने दाखवला म्हणून.

"अगं, लिहिलंस तरी काय त्याला?"

"काही नाही रे. विचारलं, त्या यानात तुम्ही एकटेच असता, मग जेवता कधी?"

मी दर पत्रात त्याला मालिकेतल्या चुका कळवत होतो. मुद्देसूद, क्रमांक घालून.

त्याच्या जागी तुम्ही असतात, तर कोणाला उत्तर दिलं असतंत? खोटं सांगितलंत तरी चालेल.