काळी चारवरून पांढरी तीन

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज चार सूर खाली उतरला आणि परत वर आलाच नाही. तोवर मी पेटीवरच्या काळी चारच्या उंच पट्टीत गायचे. कुठे गायचे म्हणाल, तर आमच्या अबुधाबीतल्या मंडळात, वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळी पहाटला. पण अकरा वर्षं कार्यक्रमातलं शेवटचं गाणं माझं असायचं आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, बोलण्यापुरता आवाज आलाय, गाण्याचं आता विसरा. विसरा म्हणे! दुसऱ्याच आठवड्यात मी अल रीमच्या घरून गाडी काढली आणि दुबईत अल क्वोज गाठलं. तिथे टायरच्या दुकानाला लागून असलेल्या गोडाउनमध्ये एक कृष्णवर्णीय अमेरिकन बाई गाणं शिकवायच्या. त्या सोल गाणाऱ्या. चर्चमधल्या भक्तिगीतांतून निघालेली ही गायकी. त्यात गळा गोड नसला तरी चालतो, खोटा मात्र चालत नाही.

बाई सत्तरीला टेकलेल्या. तोंडावर मी त्यांना मॅडम म्हणायचे आणि मनात बाई, शाळेतल्या गाण्याच्या बाईंना म्हणायचे तसं. स्वतःची कहाणी त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक वेळा मी सूर चुकवल्यावर. वडील पाद्री. सहाव्या वर्षापासून त्या वडिलांच्या चर्चमध्ये गात होत्या. एकोणिसाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड निघाली, तर कंपनीने कव्हरवर दुसऱ्याच, उजळ रंगाच्या मुलीचा फोटो छापला. बाई ऑफिसात जाऊन भांडल्या, म्हणून दुसरी रेकॉर्ड कधी निघालीच नाही. मग वीस वर्षं मोठमोठ्या गायकांच्या मागे उभं राहून कोरस. मग देशोदेशीची हॉटेलं आणि शेवटी दुबई. "मला मागे उभं करायला लोकांना फार आवडायचं," असं म्हणून त्या खो खो हसायच्या. मला हसू यायचं नाही. त्यांच्या वाटचा राग मीच करत बसायचे.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. आमच्याकडे सगळे ट्रॅकवर गातात. म्हणजे वाद्यं आधीच रेकॉर्ड केलेली आणि पट्टी मूळ गाण्याचीच. पट्टी बदलली की गाण्याचा अपमान होतो, असं कमिटीचं ठाम मत. मग त्या पट्टीत किंचाळून गाणाऱ्याचा घसा फुटला तरी बेहत्तर.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं पाच वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, एकदम क्लियर. तेच लावू. तुम्ही फक्त ओठ हलवा. यल्ला, चला, प्रॉब्लेम खलास!"

"अहो, पण ही फसवणूक नाही का?"

"कसली फसवणूक? आवाज तुमचाच आहे की!"

मुलगी शेजारूनच ओरडली, "आई, जस्ट से नो!" सोळाव्या वर्षी नो म्हणायला काय जातं? शेवटचं गाणं हातचं जाईल या भीतीने मी हो म्हणून बसले.

बाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, चिडतील. त्यांनी शांतपणे पियानोचं झाकण लावलं. "मीही केलंय हे," त्या म्हणाल्या.

हॉटेलातल्या शुक्रवारच्या ब्रंचची गोष्ट. बाईंची साठी उलटलेली, वरचे सूर लागेनासे झालेले. मॅनेजर म्हणाला, तुझीच जुनी रेकॉर्ड लावतो, तू तोंड हलव. बाईंनी हलवलं. पुढच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं ऐकता ऐकता रडायला लागलं. "ते त्या एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी रडत होते," बाई म्हणाल्या. "मी आपली बंद माइक धरून उभी. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभी राहिले, बेबी. त्या दिवशी स्वतःच्याच मागे उभी राहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. व्हिसा हॉटेलचा, म्हणजे महिन्याभरात देश सोडायची पाळी. त्याच महिन्यात त्यांनी हे गोडाउन शोधलं आणि गाण्याच्या क्लासच्या लायसन्सवर नवा व्हिसा मिळवला.

मी सेक्रेटरींना काही कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी माझी समजूत घातली असती आणि मी ती घालून घेतली असती. मी मला चांगली ओळखते.

पहाटेचा कार्यक्रम शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. मी स्टेजवर गेले आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. गोड होता हो माझा आवाज, दृष्ट लागावी इतका. दोन ओळी मीही ऐकत राहिले. मग माइकवर म्हणाले, "बंद करा." साउंडवाल्याला मराठी कळेना. "भाईसाब, बंद करो. खलास." सुरुवातीच्या गणेशवंदनेला साथ केलेले पेटीवाले काका स्टेजवरच बसले होते. त्यांना म्हणाले, "पट्टी उतरवा, पांढरी तीन द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बायकांच्या गाण्याला पांढरी तीन?"

"माझ्या."

ध्रुवपद नीट गेलं. अंतऱ्यात आवाज चिरकला, चांगला मोठ्याने. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. लाज अशी वाटली की स्टेजवरून उतरून जावं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "टेक युअर टाइम!" बाईंना मीच बोलावलं होतं. सगळा हॉल मागे वळला. सेक्रेटरींनी ओठांवर बोट ठेवलं, तर बाई त्यांच्याकडे बघत पुन्हा तेच ओरडल्या, आणखी मोठ्याने. त्यांच्या चर्चमध्ये गाणारा अडखळला की लोक असंच ओरडतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की थांबलं तरी चालतं. मी थांबले. काका सा धरून राहिले. मग तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा चिरकली, तरी सोडली नाही आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. कुणीतरी एकजण "वा" म्हणालं. मला पुरलं.

फराळाच्या रांगेत सेक्रेटरी गाठायला आलेच. "काय हे वहिनी! रेकॉर्डिंगमधल्या वहिनी काय सुंदर गात होत्या!"

"गात होत्या खऱ्या," मी म्हणाले. "भेटल्या तर सांगा, मी विचारलंय म्हणून."