मागच्या वॉशरची बाजू

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. वर्कशॉपचं शटर अजून खालीच होतं, पण माळ्यावरच्या खोलीत दिवा लागला होता आणि ताई एका वॉशरची जाडी चौथ्यांदा मोजत होत्या. तीनदा एकच आकडा आला होता. चौथ्यांदाही तोच आला. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

खाली जुन्या गाड्या दुरुस्त होतात. सत्तर-ऐंशी वर्षांच्या, ज्यांचे कारखाने कधीच बंद पडले. वर ताई त्यांच्या पोटातल्या भागांची चित्रं काढतात. गिअरबॉक्समधलं प्रत्येक चाक, बुश, वॉशर एका रेषेवर सरकवून मांडल्यासारखं, म्हणजे चित्र पाहून कुणालाही तो परत जोडता यावा. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर घालवून त्या अकरा वर्षांपूर्वी इथे आल्या. आणलं थोरल्या भावाने, इथल्या मिस्त्रींनी. "सगळं माझ्या डोक्यात आहे, ते कागदावर आण," एवढंच तेव्हा त्यांनी सांगितलं. ताईंचा स्वतःचा नियम त्याहून छोटा: जी वस्तू हातात धरली नाही, ती काढायची नाही.

चौदा चित्रांचं पुस्तक आजच दुपारी बाराला छापखान्यात जायचं होतं. प्रत्येक चित्राखाली मिस्त्रींची सही लागते. तेरा झाल्या होत्या. गाडं अडलं होतं अकराव्या चित्रावर.

साडेसातला मिस्त्री वर आले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उभ्यानेच चित्र पाहिलं.

"मागच्या वॉशरच्या खाचा विसरलीस."

"विसरले नाही. त्या गिअरकडे आहेत, म्हणून दिसत नाहीत."

"कारखान्याच्या पुस्तकात दिसतात."

"पुस्तक चुकलंय."

भांडण होतं ते एवढ्यावरच. शाफ्टच्या दोन टोकांना दोन वॉशर. वॉशरची एक बाजू ब्राँझची, त्यावर तेल फिरायला खाचा. दुसरी साधी, पोलादाची. खाचांची बाजू दोन्ही टोकांना आत, गिअरकडे हवी. चित्र मागून पाहिल्यासारखं असल्यामुळे पुढच्या वॉशरच्या खाचा दिसायला हव्यात, मागच्याच्या दिसता कामा नयेत. कारखान्याच्या जुन्या पुस्तकात दोन्हींच्या दिसत होत्या. मिस्त्रींनी तीस वर्षं त्या पुस्तकाबरहुकूम गिअरबॉक्स जोडले होते. या मॉडेलचा गिअरबॉक्स म्हटला की लोक दुसऱ्या कुणाकडे जात नसत.

"छोटी, ज्यांनी गाडी बनवली त्यांचं पुस्तक आहे ते."

"गाडी बनवणाऱ्यांनी गाडी बनवली, चित्र काढणाऱ्याने चित्र काढलं. दोघांची कधी भेट झाली असेल-नसेल."

"म्हणजे तू एकटी शहाणी."

"मी शहाणी असते तर पंपाच्या कारखान्यात माझा पगार कापला नसता." त्यांनी जुनं पुस्तक उघडून भिंग पुढे केलं. "दोन्ही वॉशर बघ. तिसऱ्या खाचेची रेघ काठाबाहेर गेलीय. इथेही आणि तिथेही, तेवढीच. एक काढला आणि तोच खाली ठेवून दुसरा गिरवला त्याने. मीही एकदा असंच गॅस्केट गिरवलं होतं. चाळीस पंप गळले."

मिस्त्रींनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. रेघ बाहेर गेली होती, दोन्हीकडे.

"रेघेवरून गिअरबॉक्स जोडत नाहीत," ते म्हणाले.

"मग हे बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला."

ताईंनी दोन मागचे वॉशर टेबलावर ठेवले. गेल्या आठवड्यात एक गाडी आली होती, शेडमध्ये पडून राहिलेली, गिअरबॉक्सच्या बोल्टांवर कारखान्याची तार शाबूत, म्हणजे तो आजवर कुणीच उघडलेला नव्हता. ती तार खुद्द मिस्त्रींनीच कापली होती. मागचा वॉशर निघाला त्या क्षणी ताईंनी त्याला चिठ्ठी बांधली होती: 'ही बाजू गिअरकडे.' चिठ्ठी खाचांच्या बाजूला होती, आणि त्याच बाजूवर गिअरने घासून आरशासारखं गोल कडं उमटवलं होतं. दुसरा वॉशर भंगाराच्या डब्यातला, मिस्त्रींनीच जोडलेल्या एका बॉक्समधून नंतर निघालेला. त्याचं कडं पोलादावर होतं, खरवडल्यासारखं.

"अजून तीन आहेत असेच," ताई म्हणाल्या. "आणू?"

"नको."

ते खुर्चीवर बसले. या मॉडेलचा गिअरबॉक्स काही हजार किलोमीटरनंतर गाऊ लागतो, घूं-घूं आवाज करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली की मिस्त्री सांगत, जातच गाणारी आहे, त्याला कोण काय करणार.

"पुस्तकातल्यासारखं काढलं असतंस तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मला कळलं असतं. आणि हे पुस्तक तुझ्या नावाने छापलं जाणार आहे, दादा. उद्या कुणीतरी पोरगं त्यावरून बॉक्स जोडणार, आणि तो गायला लागला की तुला शिव्या देणार."

मिस्त्रींनी खिशातून पेन काढलं, पण सही केली नाही.

"आधी खाली लिही. जुन्या पुस्तकातलं चित्र चूक आहे. आणि मीही तीस वर्षं तसंच बसवलं, तेही लिही."

"ड्रॉइंगवर कबुलीजबाब लिहीत नाहीत. भागांचे नंबर लिहितात."

"मग पहिलं तरी लिही."

ताईंनी सुबक अक्षरात एक ओळ लिहिली: मागील वॉशर, खाचा गिअरकडे; जुने चित्र ग्राह्य धरू नये. मिस्त्रींनी त्याखाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी. मग चित्र हातभर दूर धरून पाहिलं.

"तीस वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती," ते म्हणाले. "काढली ती घरच्याच माणसाने. बरं झालं, त्यासाठी बाहेर जायला नको."

खाली शटर वर गेल्याचा आवाज आला. जिना उतरता उतरता ते वर्कशॉपच्या मालकांना जे सांगत होते ते वरपर्यंत ऐकू येत होतं: बहिणीने कारखान्याची चूक पकडली. दहा वाजेपर्यंत त्यांचं ते रंगाऱ्याला, हिशेबनिसाला आणि टायर घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला सांगून झालं होतं. आपण तो वॉशर किती गाड्यांत उलटा बसवला हेही प्रत्येकाला सांगितलं: नऊ.

चौदाही चित्रं पावणेबाराला छापखान्यात पोहोचली. त्या नऊ गाड्यांच्या मालकांना मिस्त्रींनी दुपारभर स्वतः फोन केले. सहाजण गाडी आणायला तयार झाले. पहिली, हिरवी, उद्या सकाळी साडेआठला येणार आहे. गिअरबॉक्स मिस्त्री उघडतील, मागचा वॉशर ताई बसवतील.