पुणे ते नागपूर, वरून

मी चौथीपर्यंतच शिकले. शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं येतं; माफ करावं.

ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या वहिनींच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना दुपारचं विमान डोक्यावरून जातं. एकदा मीही त्यात बसले होते. नागपूरहून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, माय तुझंच नाव घेते. रेल्वेनं आली तर भेट नाही होत." वहिनींनी लगेच तिकीट काढलं. "पैसे सावकाश दे," म्हणाल्या.

रेल्वेच्या सवयीनं मी दोन वेळची शिदोरी बांधली. पोचले तेव्हा भाकरी अजून मऊच होती. आई हसली, "चुलीवरून सरळ इथंच आली का वं बाई?" तिनं एक घास खाल्ला. संध्याकाळी गेली.

विमानानं अंतर कमी होतं म्हणतात. मला नाही वाटत. ते सगळं अंतर मी नंतर चालले, रोज पोळ्या लाटत, पगारातून थोडे थोडे पैसे कापून देत. आता खांदे भरून येतात.

आज शेवटचे पैसे दिले. वहिनी म्हणाल्या, "फिटले गं सगळे. बस आता जरा." त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.