वणव्यानंतरचा नागरमोथा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि आता तो राहिलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही पारूला ओळखत नाही.

पारू माझी धाकटी जाऊ. फर्दापूरच्या वरच्या डोंगरात आम्ही दोघी नागरमोथा खणायला जायचो. लव्हाळ्याच्या मुळाशी काळ्या, सुवासिक गाठी असतात, तोच हा; सिल्लोडचा जडीबुटीवाला विकत घ्यायचा. ओढ्याकाठी तो भरपूर, पण वर गवत एवढं माजतं की लव्हाळ्याची पात सापडतच नाही. गवत जळालं की मात्र बघा — आग वरून निघून जाते, गाठी खाली ओलीत गारच राहतात, आणि राखेतून सगळ्यात आधी लव्हाळाच हिरवा वर येतो. मग नुसतं खणायचं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून तर गावानं आग लावायला बंदी केली होती. ते गवत गावच्या गुरांचं.

त्या फाल्गुनात — कसं सांगू? — इतर बायकांच्या आधी पोती भरावीत, एवढंच डोक्यात होतं. हावरेपणा, दुसरं काय! पारू झाडाखाली खापरावर मिसरी भाजून, दात घासून आडवी झाली होती. मी ओढ्याच्या खालच्या अंगाला काडी ओढली. थोडीशीच जागा जाळायची होती. वारं फिरलं.

सगळा डोंगर गेला. वर बांधलेली माझी गाभण शेळीही गेली. ती कशी ओरडत होती ते सांगवत नाही.

गावानं विचारलं, तेव्हा पारू स्वतःच रडत पुढं आली. "माझ्या मिसरीचा इस्तू राहिला आसंल. माझंच चुकलं."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी पदर तोंडाला लावला — लोकांना वाटलं, शेळीसाठी रडते.

दुसऱ्या दिवशी पारूनं तिची एकुलती एक शेळी आणून माझ्या दारात बांधली. मी नको म्हणाले का? नाही. ठेवून घेतली. तिचं दूध माझी पोरं प्यायली; पारूची लेक कोरा चहा प्यायची. पुढं लव्हाळा फुटला, तोही मी एकटीनं खणला. पारूनं मिसरी सोडली आणि डोंगरही.

आता दोघी म्हाताऱ्या झालो, एकाच ओट्यावर बसतो. परवा ती म्हणाली, "आक्का, त्या शेळीचं मनात नाय ना ठिवलं? माफ केलं ना मला?"

मी म्हणाले, "व्हय. कवाच."