एकही गोळी न चुकवता

शिवणाच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापड फाटेल पण हिचं काज उसवणार नाही, असं मालकच गिऱ्हाइकांना सांगायचा. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, अकरा माणसं, तीन खिडक्या. त्याही बंद. वारा आला की पातळ कापड टेबलावर ठरत नसे, आणि कापड हललं की कटिंग मास्तरांचं डोकं फिरायचं.

मास्तर तिच्या समोरच उभे राहून कापायचे. तिला काम त्यांनीच शिकवलेलं, पोटच्या लेकीसारखं. खोकायचे मात्र फार. "कात्री आणि खोकला दोन्ही चालू आहेत म्हणजे धंदा तेजीत आहे," असं तेच म्हणायचे. खोली हसायची. तीही हसायची.

मग तिलाच खोकला लागला. आधी तिनं तो कापडाच्या धुळीवर ढकलला. संध्याकाळी अंगात कणकण असायची. अंगावरचे कपडे ढिले झाले, ते तिनं दोनदा आत घेतले. तिसऱ्यांदा टीप मारायला बसली तेव्हा नणंदेनं तिच्या हातातून कापड काढून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, कपडे नाही गं वाढत. तू वाळतेयस."

दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारं मशीन त्या महिन्यात बंद होतं, म्हणून नेहमीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिने, एक दिवसही खाडा नको, असं नर्सनं बजावलं. तिनं खाडा केला नाही. नवरा रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा राहायचा आणि मग कामावर जायचा. पहिल्या महिन्यात तिला भूक लागू लागली. घरात जरा हायसं वाटलं. दुसरा महिना संपता संपता ताप परत आला. तिच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मध्ये गोळ्या सोडल्या होत्या का?"

"नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"एकही चुकवली नाही, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. नवरा खाली बघत होता. परतताना त्यानं हळूच विचारलं, आपली पाठ वळल्यावर ती गोळ्या थुंकून तर टाकत नव्हती ना. आजारानं जेवढी खचली नव्हती, तेवढी ती या एका प्रश्नानं खचली.

तोवर मशीन दुरुस्त झालं होतं. नव्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं.

"तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे जंतू आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात निर्ढावले आणि तसेच तुमच्याकडे आले. या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. तुमच्या जवळ कोण खोकत होतं?"

प्रश्न संपायच्या आत तिला उत्तर कळलं होतं. पण नाव ओठावर येईना. उद्या सांगते, म्हणाली.

त्याच दुपारी तोंडाला मास्क बांधून ती मास्तरांच्या खोलीवर गेली. ते एकटेच होते, हाडांचा सापळा झालेले. तिला बघून ते उठले नाहीत.

"मास्तर, तुम्ही औषध घेत होतात?"

"तीनदा सुरू केलं. बरं वाटलं की सोडलं. गोळ्यांनी डोकं गरगरायचं, रेघ वाकडी जायची. वाकडं कापणाऱ्याला कोण ठेवतो, पोरी?" मग त्यांनी विचारलं, "माझं नाव सांगितलंस?"

"उद्या सांगणार. तुम्ही आपणहून आलात तर बरं होईल. आता नवीन औषधं आहेत."

"येतो," मास्तर म्हणाले.

ते आले नाहीत. तिनं नाव सांगितलं. दवाखान्यातली नर्स तिसऱ्या दिवशी गेली तर खोलीला कुलूप. मालकानं कानावर हात ठेवले. कारखान्यातल्या उरलेल्या नऊजणांपैकी पाचजण तपासणीला आले. त्यांत कॉलर शिवणारीला तोच टीबी निघाला. न आलेल्या चौघांनी दार किलकिलं करून आम्ही ठणठणीत आहोत असं सांगितलं.

काजवालीचं नवं औषध दीड वर्ष चाललं. अंग काळवंडलं. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, पुढे तिथलं भानच गेलं. घरी एकदा काज करून बघायला बसली, तर सुई बोटात शिरल्याचं तिला पांढऱ्या कापडावरच्या डागावरून कळलं. शेवटी थुंकी स्वच्छ आली. ती बरी झाली, पण काजं सुटली ती सुटलीच. कारखान्यात ती आता घड्या घालते, आणि मालक काहीही म्हणो, खिडकी उघडी ठेवते.

एकदा दोरा विकणारा म्हणाला, तुमचे मास्तर शेजारच्या गावात दिसले, शिवणवाल्यांच्या गल्लीत, हातात कात्री होती. कुठल्या कारखान्यात ते त्याला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात तिनं सांगितलं, तर पत्ता आणा म्हणाले.

तिनं आणि नवऱ्यानं सुट्टी काढली आणि दोघं त्या गल्लीत दारोदार विचारत फिरली. दिवस मावळेपर्यंत बावीस कारखाने झाले. मास्तर कुठेच सापडले नाहीत. पण त्या बाविसांतल्या नऊ खोल्यांत कुणी ना कुणी खोकत होतं.