जाऊबाईंची चक्कर आणि माझी

मंडळी, माईंचा गुडघा काय म्हणतोय? अण्णांचा खोकला गेला का? बेबी, तुझी शुगर? आता माझं ऐका. सुनेच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत हा ई-मेल तुम्हां सगळ्यांना लिहितेय.

माझी धाकटी जाऊ कुसुम आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. आठवड्यापूर्वी कूस बदलताना तिला चक्कर आली, तर अख्खं घर धावलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आमच्या ह्यांनी तर चहा करून नेला! मला महिनाभर तसंच होतंय. मला काय मिळालं? "पित्त असेल, कोकम घे." जळले हो मी.

आज नेरूळच्या कानाच्या डॉक्टरांकडे तिच्यासोबत मलाच धाडलं. त्यांनी तिला झटकन आडवं करून मान वळवली, तशी तिची बुबुळं थरथरायला लागली. "ताई, पडते मी!" म्हणत तिनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत चुन्यासारखे बारीक कण असतात, ते जागा सोडून सरकले की सगळं गरगरतं. मग तिचं डोकं हळूहळू फिरवून त्यांनी कण जागेवर आणले.

ती उठली आणि मीच तिथं आडवी झाले. म्हटलं, "मलापण बघा, महिनाभर असंच गरगरतंय." त्यांनी माझीही मान वळवली, तर माझेही कण सरकलेले!

कुसुमचे डोळे भरले. "ताई, महिनाभर एकटीनं सोसलंत?" या खेपेस तिनं माझा हात धरला तो मला धीर द्यायला.

पण बघा, ती एकदा डोकं फिरवल्यावरच बरी झाली आणि मला गुरुवारी परत बोलावलंय. तिथंही तीच पुढे! सोबतीला मात्र तीच येणार आहे, सुट्टी टाकून.

तुमच्यात कोण असं पित्त म्हणून गप्प बसलंय? लवकर कळवा.